दिनारावरचा विजारवाला

ढोल नव्हे, वहिनी. ढोल म्हटलं की देवीची मिरवणूक डोळ्यांपुढं येते, ते नाचणारे पुजारी, पोरंटोरं मागं— पार्थ्यांचं ते लढाईतलं वाद्य तसलं नव्हतं. पोकळ खोडावर कातडं ताणलेलं, कडेनं पितळी घंट्या, आणि वाजायचं ते एका बाजूनं नाही, चारी बाजूंनी एकदम. कानाला नाही ऐकू यायचं, पोटात ऐकू यायचं. भर दुपार, सगळीकडं वाळू, समोर धुळीशिवाय काही दिसत नाही आणि घुम्म— घुम्म— जमिनीखाली कुणी जनावर कण्हत पडलंय असं. तुमचा त्रेबियुस माझ्या पुढं तुकडीचं निशाण धरून उभा. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही त्यानं, तसाच म्हणाला, "नोव्हियुस, तुझं पोट आवर रे, पार्थ्यांना ऐकू जाईल." आम्ही हसलो हो. सगळी रांग हसली. पुढं काय वाढून ठेवलंय ठाऊक नव्हतं, पण हसलो. हे सांगा उद्या लोकांना थडग्यापाशी. हे खरं आहे. म्हणजे बाकीचंही खरंच आहे— पण हे अगदी खरं.

तुम्ही बसा ना. तिथं नको, ते ओलं आहे, इकडं चटईवर बसा. मी हात चालू ठेवतो हं, राग मानू नका. भाऊ म्हणतो, फुकट खातोस तर तेलाच्या घाण्याच्या टोपल्या तरी विण, म्हणून विणतो. यंदा जैतून भरपूर आलंय, टोपल्या पुरत नाहीत. हो, बघितलं मी थडगं. परवा शेताकडं जाताना थांबलो होतो. गवंड्यानं चांगलं बांधलंय, दगड नीट बसवलेत, वर निशाणसुद्धा कोरलंय— हात लावून आलो मी. म्हटलं, एवढा खर्च वहिनींनी केला कुठून? नाही, तसं नाही, तुमचा पैसा, तुमचा माणूस, मी कोण विचारणारा. खोकला कसा आहे? काढा घेता ना? हं. म्हणूनच घाई, नाही का. आपल्यामागं हे करणार कोण, असंच ना. कळतं मला. रीत रीतच आहे— देह नसला तर रिकामं थडगं बांधायचं आणि ओळखीच्या माणसानं तीनदा हाक मारून आत्म्याला आत बोलवायचं, नाहीतर तो भटकत राहतो, ना घर ना वाट. सगळं कबूल. फक्त ती हाक— ती मीच मारली पाहिजे का? माझा आवाज बघा, बकरीसारखा झालाय. आणि तो चढ. तुमचा भाचा आहे की, चांगला खणखणीत आवाज आहे त्याचा, बैल हाकतो तेव्हा इथवर ऐकू येतं. नाही? त्यानं त्रेबियुसला पाहिलेलंच नाही. हो, हेही खरं. ओळखणारा हवा. तुकडीतला आता मीच एक उरलोय. ओळखणारा— हवाच.

काय आणलंय? कलशात ठेवायला? द्या बघू. थांबा, तेलाचे हात पुसतो. अरे वा, दिनार— आणि कोरा करकरीत. चमकतोय बघा नुसता. माझे डोळे आता असले, उन्हाकडं धरूनच दिसतं— हं. हो. हाच. वहिनी, हा नका ठेवू. माझं ऐका, दुसरा ठेवा. तुमच्याकडं ते जुने जहाजवाले दिनार असतील की, घरोघरी आहेत. एका अंगाला वल्ह्यांचं जहाज, दुसऱ्या अंगाला मधे गरुड आणि दोन बाजूंना दोन निशाणं, खाली पलटणीचा आकडा. चांदी जरा कमी असते त्यात, बाजारात तोंड वाकडं करून घेतात, पण सैनिकाच्या थडग्याला शोभून दिसतो. गरुड आहे, निशाणं आहेत, अजून काय हवं? मेलेल्याला पलीकडं नेणाऱ्या नावाड्याला काय, तो कुठं चावून बघतोय. हा ठेवा घरी, सणाला मध आणा, चीज आणा—

बरं, बरं. नका रागवू. का हाच हवा ते कळलं मला. ह्यावर त्रेबियुसचं निशाण आहे. असं वाटतं तुम्हाला. पार्थ्यांनी लढाईत हिसकावलेली नि आता रोमला परत दिलेली निशाणं, त्यात त्याचंही होतं, आणि निशाण घरी आलं तर त्याच्या मागनं निशाणवालाही येईल— असंच म्हणालात ना. होतं त्याचं त्यात. मी ओळखलं ना. दांड्याला खालच्या बाजूला भेग होती, तिथं त्यानं चामड्याची पट्टी गुंडाळली होती, ती पट्टी तशीच. त्यांच्या देवळात टांगून ठेवली होती ती निशाणं, धुरानं काळी झालेली. पण हा बघा, हा माणूस— हा जो गुडघे टेकून आपल्याला निशाण देतोय— असं कुणी गुडघे टेकले नव्हते, वहिनी. मी होतो तिथं, सरहद्दीच्या नदीवर. ज्यांना परत देत होते त्यांच्यात उभा होतो, निशाणं एकीकडं, आम्ही एकीकडं, मेंढरं मोजतात तसं मोजत होते. निशाण घेऊन आला तो त्यांच्या तबेल्यावरचा एक म्हातारा. उभ्यानं दिलं. आपल्या माणसानं हात पुढं केला, त्यानं हातात ठेवलं, दाढी खाजवली आणि घोड्याचं काय झालं बघायला निघून गेला. झालं, एवढंच. आणि इथं येऊन बघतो तर चांदीवर तो जन्मभर गुडघ्यावर. मध आणायला जावं, तो गुडघ्यावर. न्हाव्याला द्यावा, तो गुडघ्यावर. मला तो दिनार हातात धरवत नाही. भावाला म्हणतो, तूच दे रे, माझे हात तेलकट आहेत.

विजार मात्र अगदी बरोबर काढलीय हं. ठसा कोरणाऱ्यानं पार्थी माणूस पाहिलेला असणार. बघा, ह्या चुण्या— पोटरीवर अशा आडव्या पडतात. आपले लोक हसतात, म्हणतात बायकी कपडे, रानटी कपडे. त्यांना काय ठाऊक, तिकडच्या थंडीत उघड्या पायांनी एक हिवाळा काढून दाखवा म्हणावं. आणि हा अंगरखा, हा असाच मागं उडायचा. पाठ बघा त्याची, वाकलेली. मला विचाराल तर— हसाल तुम्ही— मला हा पार्थी वाटतच नाही. पाटाच्या कडेला बसून असाच गाळ काढायचा तो, एक गुडघा जमिनीला, लंगडा पाय बाजूला काढून. फक्त ह्याला केस ठेवलेत भरपूर. त्रेबियुसला पार टक्कल पडलं होतं, दाढी एवढी आणि वर चकचकीत, पोरं म्हणायची बाबा, तुमचं डोकं उलटं बसवलंय—

वहिनी.

नाही, मी म्हणजे— दुसराच एक होता. पायदळातला. त्याचंही नाव— अहो म्हातारा माणूस मी, इकडचं तिकडं होतं. असं बघू नका. ती टोपली द्या जरा. नको, राहू दे. राहू दे.

चोवीस वर्षांचा होता, नाही का, घरातून निघाला तेव्हा. चोवीस वर्षांच्या पोराला टक्कल कुठलं. तुम्हाला पट्कन कळलं. मीच मूर्ख.

ऐका. तीसेक वर्षांनी मी घरी आलो तो दिवस आठवतो तुम्हाला? सगळी गल्ली जमली होती. माझ्या आईनं माझे दिवस घातलेले, म्हणून मला दारानं घेईनात. मेलेला माणूस उंबऱ्यातून आत येत नाही, त्यानं छपरावरून उतरायचं. चढवला मला शिडीनं, कमरेला टोपल्या ओढायचा दोर, आणि सोडला खाली अंगणातल्या हौदात. भावजय खालून ओरडतेय, "पाय आधी, भावोजी, डोकं नंतर!" आणि तो समोरचा तेली म्हणतो, "पाऊस कमी पडला यंदा, पण म्हातारा पडला." मी हौदात गुडघाभर पाण्यात उभा, सगळे हसतायत, आणि दारातून तुम्ही आत आलात. तुम्ही एकट्याच हसला नाहीत. विचारलंत, "आणि आमचे?" दोनच शब्द. अंग पुसायचीही सवड दिली नाहीत. आणि मी म्हणालो, त्याच दिवशी गेला, वहिनी, निशाणाखाली, गळ्यात बाण लागला, पाणीसुद्धा मागितलं नाही. ते सगळं वाटेत घोकून ठेवलं होतं मी. नदी ओलांडल्यापासून घोकत होतो, जहाजात घोकत होतो.

आणि तुम्ही काय म्हणालात? "बरं." आणि त्याचे दिवस घातले नाहीत. इतकी वर्षं नाही घातले. लोक म्हणायचे, पाकुलाबाईंचं डोकं फिरलंय, नोव्हियुसनं डोळ्यांनी पाहिलं तरी मानत नाहीत. मला ठाऊक होतं का घालत नाही ते. विहिरीवर बायकांना सांगितलंत तुम्ही, भावजयीनं ऐकलं, की आमचा माणूस आला तर छपरातून नाही यायचा, पुढच्या दारानं येईल, ताठ. ते ऐकल्यापासून मी तुमच्या दारावरून जात नाही. गावाला वळसा घालून जातो. लोकांना वाटतं, लाडका रस्ता आहे म्हाताऱ्याचा.

गळ्यात नाही लागला बाण. पायात लागला. पावलातून आरपार, जमिनीत रुतला. आम्ही तो मोडून काढला, दोघांनी. मग धरलं आम्हाला, चालवत नेलं, दिवस नाही, महिने. पार त्या टोकाला, मर्गियानात, जिथं वाळवंट संपतं आणि पाण्याचे पाट सुरू होतात. मी त्याला पाठीवर घ्यायचो, तो म्हणायचा, "नोव्हियुस, ह्यापेक्षा गाढव बरं, ते निदान शिव्या देत नाही." तिथं जमीन दिली आम्हाला. खरबुजं लावली. तुम्ही ते खरबूज खाल्लेलं नाहीत, वहिनी, इथं देवांनासुद्धा मिळत नाही तसलं. पहिली काही वर्षं रोज पळून जायचे बेत केले. मग पीक निघाल्यावर जाऊ म्हणू लागलो. मग दुसरं पीक.

तुमचं नाव? घ्यायचा. सुरुवातीला रोज घ्यायचा. पाकुला असं म्हणते, पाकुला तसं करते, मला कंटाळा यायचा. मग सणासुदीला. मग— मग नाही. आता खोटं कशाला बोलू. तिथल्याच एका बाईशी घर केलं त्यानं. चांगली आहे. कुंभारीण आहे. मुलं झाली. तो वाईट माणूस नाही हो, वहिनी, कुणीच वाईट नव्हतं तिथं, हेच तर— कुणी वाईट असतं तर बरं झालं असतं.

आणि मग बातमी आली. रोमशी समेट झाला, निशाणं परत द्यायची, कैदी परत द्यायचे. आम्ही दोघं पाटावर बसलो होतो, संध्याकाळी, पाय पाण्यात सोडून. त्यानं पायानं पाणी ढवळलं. मग म्हणाला, "मी नाही येत. पाकुलापुढं काय घेऊन उभा राहू? ही पोरं? हे टक्कल?" मी म्हटलं, मग तिला कळवायचं काय? म्हणाला, "तू गेलास तर सांग, पहिल्याच दिवशी मेला. निशाणाखाली. बाण गळ्यात घाल, पायात नको, पायातल्या बाणानं कुणी मरत नाही." आणि हसला. मग मीही सहज म्हणालो— सहजच हो, जायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं— मी म्हणालो, "आणि मी गेलोच, तर तू आझातेला सांग, मी वाटेत मेलो." तो म्हणाला, "सांगेन. तापानं?" मी म्हटलं, चालेल, तापानं. बाजारात कोंबडीच्या बदल्यात अंडी देतात तसा एकमेकांना मृत्यू देऊन टाकला आम्ही.

आझाते माझी बायको. हे तुम्हाला मी कधी— कुणालाच नाही सांगितलं. भावालाही नाही. आमची एक मुलगी आहे. तिचं नाव घेत नाही मी, घेतलं की दिवसभर काही सुचत नाही.

नावं पुकारली त्या दिवशी आझाते खरबुजांच्या मळ्यात होती. किल्ल्याच्या अंगणात आम्हाला गोळा केलं, एक ग्रीक लेखनिक आला होता, आमच्या नावांची चटणी करत वाचत होता. मी नुसता बघायला गेलो होतो. शपथेवर सांगतो, बघायला. आणि त्यानं ओरडून म्हटलं, "नोव्हियुस!" आणि माझा पाय पुढं पडला. सैनिकाचा पाय, वहिनी. नाव पुकारलं की पडतो. मन मागंच होतं, मळ्यात होतं, आणि पाय पुढं. एकदा पुढं पडल्यावर मागं कसा घ्यायचा? सगळे बघत होते. लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी— लोक विचारतात, इतक्या वर्षांनी मातीची ओढ लागली का हो, आईची आठवण आली का? मी हो म्हणतो. ओढ कसली. पाय.

मग त्यानं त्रेबियुसचं नाव पुकारलं. तो तिथंच होता. उंटवाल्यांच्यात, त्यांची टोपी घालून, ही असलीच विजार घालून, उंटाच्या मानेवर हात टाकून उभा. त्याचाही पाय हलला, मी पाहिला— पण लंगडा ना, जरा उशिरा उचलला गेला, तेवढ्यात त्यानं तो रोवला. लेखनिक पुन्हा ओरडला. मग तिसऱ्यांदा. कुणी ओ देईना. तेव्हा तो माझ्याकडं वळला, म्हणाला, "तुझ्याच तुकडीतला ना? मेला का?" आणि त्रेबियुस माझ्याकडं बघतोय. मी म्हटलं, "मेला."

इथं येऊन हौदात उभा राहून म्हणालो ते दुसऱ्यांदा. आणि उद्या तुम्ही मला थडग्याशी उभं करून तिसऱ्यांदा म्हणायला लावणार. म्हणून आवाज बसलाय, वहिनी. चढाचं काही नाही. चढतो की मी रोज, बकऱ्यांमागं. जिवंत माणसाला थडग्यात कशी हाक मारू? आणि तो— तुम्हीच सांगा— समोर उभं राहून हाकेला ओ दिली नाही त्यानं, तो इतक्या लांबून माझ्या बकरीच्या आवाजाला येणार आहे? त्या कलशात काहीसुद्धा यायचं नाही. हा दिनार एकटा पडेल त्यात.

तुम्ही पुन्हा लग्न करू शकला असता. कायद्यानं मोकळ्या होता, कैद्याची बायको मोकळीच असते. तो तेली तर किती वर्षं मागं लागला होता, भावजय सांगते. मी आल्या दिवशी खरं बोललो असतो तर निदान दाराकडं बघायचं सोडलं असतंत. आणि खोटं नीट बोललो असतो, तुम्हाला पटेल असं, तरी सोडलं असतंत. मला धड एकही जमलं नाही. खोटंसुद्धा लंगडं.

आझातेनं विचारलंच असेल त्रेबियुसला. तो सांगेल, ठरल्याप्रमाणं. चांगला सांगतो तो, माझ्यासारखा अडखळत नाही. तिकडं पुरत नाहीत हो माणसाला, डोंगरावर नेऊन ठेवतात, पाखरांसाठी. माझा देहच नाही म्हटल्यावर तिनं काय नेलं असेल डोंगरावर? माझी घोंगडी नेली असेल. वास येतो तोवर जवळ ठेवली असेल, मग नेली असेल. आणि त्रेबियुस गेला असेल बरोबर, लंगडत, ओळखणारा म्हणून. मान खाली घालून उभा राहिला असेल. मी उद्या उभा राहीन तसा.

नाही, राहीन मी. तुम्ही या म्हणालात तर येतो. तीनदा काय, दहादा हाक मारतो. गावात तोंड दाखवायचंय तुम्हाला, थडगं बांधून झालंय, पाव-दारू सांगून ठेवलीय, कळतं मला. हे इथं बोललो ते इथंच राहील, टोपलीत विणून टाकतो. किंवा येऊ नका म्हणा. किंवा गवंड्याला सांगून फोडून टाकू या, मी येतो पहार घेऊन. काहीही सांगा. फक्त असं— वहिनी, शिव्या तरी द्या. भावाला बोलावू का? पाणी आणू? तुम्ही हौदापाशी विचारलं होतंत ना, आणि आमचे? तसं काहीतरी विचारा. तो बरा होता. मी निघालो तेव्हा बरा होता, पायाचं सोडलं तर. दात सगळे होते.

उठलात?

थांबा, काठी घ्या माझी. नको? बरं. मी येतो दारापर्यंत— नको, नाही येत, नाही येत, बसतो इथंच. वहिनी, त्या पायरीवरून जपून, तिथं सकाळी तेल सांडलंय. उजवीकडून जा. भिंतीला धरून— आणि उद्या येऊ की नको, तेवढं सांगून जा—

वहिनी—